गिरणीकामगारांच्या मोटाबेन

भाऊबीजेला बहिणीने भावाला ओवाळावे, भावाने ताटात ओवाळणी घालावी आणि पुढे वर्षभर बहिणीने माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसावे, ही आपल्याकडची रीत. भावाशी भांडणाऱ्या बहिणीही घरोघर असतात. पण ते भांडण बहुधा वाटणीचे, नाही तर मानापानाचे असते. भावाच्या गिरणीतल्या कामगारांची मजुरी वाढावी म्हणून भावाशी भांडलेली, आणि तेही उघड्या मैदानात हजारो लोकांसमक्ष भांडलेली बहीण विरळाच. अहमदाबादच्या अनसूयाबेन साराभाई या अशा भगिनी होत. आपल्या मंडळातील पुष्कळजणींना साराभाई हे आडनाव ठाऊक असते ते अवकाशसंशोधक डॉ. विक्रम साराभाई यांच्यामुळे. अनसूयाबेन या त्यांच्या सख्ख्या आत्या.

११ नोव्हेंबर १८८५ रोजी अहमदाबादेतील एका धनाढ्य जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईचे नाव गोदावरीबेन. घरात कशाची वाण नव्हती. पण अनसूयाबेन नऊ-दहा वर्षांच्या होतात न होतात तोच आईबाप दोघेही गेले. मागे राहिली ही थोरली मुलगी, तिच्याहून सुमारे चार वर्षांनी लहान भाऊ अंबालाल आणि धाकटी तान्ही बहीण कांता. काकांनी तिघांना सांभाळले. पोरक्या घरात थोरली बहीण वयाच्या आधीच मोठी होते, हे काही आपल्याला नवे नाही. धाकटी भावंडे अनसूयाबेनना मोटाबेन म्हणत. मोटाबेन म्हणजे मोठी ताई. हेच नाव पुढे हजारो कामगारांच्या तोंडी बसले.

तेराव्या वर्षी काकांनी त्यांचे लग्न लावून दिले. ते लग्न सुखाचे झाले नाही आणि त्या माहेरी परत आल्या. सासरहून परत आलेल्या मुलीला त्या काळी काय वाट होती? देवधर्म, घरातली कामे आणि इतरांची मुले सांभाळणे. अनसूयाबेननाही काही काळ वैराग्याची ओढ लागली होती, असे म्हणतात. परंतु अंबालाल आता हाताशी आला होता. लहान वयातच त्याच्यावर कॅलिको मिलचा आणि घराण्याचा सारा भार पडला होता आणि बहिणीने जन्मभर कोपऱ्यात बसून राहावे हे त्याला मान्य नव्हते. १९१२ साली त्याने बहिणीला वैद्यकी शिकण्यासाठी विलायतेस पाठवले. नवऱ्याचे घर सोडून आलेली हिंदी स्त्री एकटी समुद्र ओलांडून शिकायला जाते, ही गोष्ट त्या काळच्या अहमदाबादेत पचणे सोपे नव्हते. पैसा भावाचा होता, धीरही बराचसा भावाचा होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढची हकीगत वाचताना ते विसरून चालायचे नाही.

लंडनला गेल्यावर वैद्यकीचा बेत फसला. शिकण्यासाठी प्राण्यांची चिरफाड करावी लागे आणि जैन संस्कारात वाढलेल्या मनाला ती सोसवेना. तेव्हा अनसूयाबेननी तो मार्ग सोडला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. तिथे त्यांना फेबियन समाजवाद्यांचे विचार ऐकायला मिळाले. संपत्ती कशी निर्माण होते, ती कोणाच्या श्रमातून येते आणि कोणाच्या पेटीत जाते, हे प्रश्न तिथे रोज चर्चेला येत. इंग्लंडात तो स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीचा ऐन भराचा काळ होता. बायका रस्त्यावर येत होत्या आणि तुरुंगात जात होत्या. या साऱ्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. पदवी मात्र मिळाली नाही. १९१३ साली कुटुंबाच्या कारणाने त्या परत आल्या.

परत आल्यावर त्यांनी गिरणीकामगारांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. पुढे कामावर जाणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, बाळंतिणींची सोय, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलींसाठी वसतिगृह अशी कामे त्यांनी हाती घेतली. ही कामे चांगली होतीच. पण श्रीमंत घरच्या स्त्रीने अशी कामे करावीत यात जगाला फारसे खटकण्यासारखे काही नव्हते. गिरणीमालकालाही त्यात अडचण नसते. अडचण येते ती नंतरच्या पायरीवर.

ती पायरी एके दिवशी सकाळी आली. अनसूयाबेन घराबाहेर होत्या. समोरून पंधराएक बायका चालत येत होत्या. चालत होत्या म्हणायचे इतकेच, कारण त्या जणू झोपेत पाय टाकीत होत्या. चौकशी करता कळले की त्या गिरणीतून येत आहेत आणि सलग ३६ तास, दोन रात्री व मधला एक दिवस, विसाव्यावाचून काम करून येत आहेत. गिरणीतील स्त्रियांनी दिवसाला ११ तासांपेक्षा जास्त काम करू नये, अशी मर्यादा सरकारी कायद्याने १८९१ सालीच घातली होती. कायदा कागदावर होता आणि बायका रस्त्यावर होत्या. अनसूयाबेननी उतारवयात घरच्या मंडळींना आपल्या आयुष्याच्या आठवणी सांगितल्या, त्यात हा प्रसंग आहे. आपल्या घरातील वैभव कुठून येते, हे लंडनला पुस्तकात वाचले होते. ते त्या सकाळी समोरून चालत आले.

त्यानंतर शाळा आणि पाळणाघर यांवर त्यांचे समाधान होणे शक्य नव्हते. कामगारांची बाजू मालकांपुढे मांडणे, हे त्यांनी आपले काम मानले. अहमदाबादच्या गिरणीमालकांत अग्रभागी कोण होते, तर अंबालालशेट.

१९१७ साली पावसाळ्यात अहमदाबादेत प्लेग आला. लोक शहर सोडून पळू लागले, कामगारही गावाकडे निघाले. माणसे टिकावीत म्हणून मालकांनी विणकरांना, आपल्याकडच्या गिरणगावाच्या भाषेत साचेवाल्यांना, प्लेगचा बोनस सुरू केला. तो कित्येकांच्या पगाराच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत गेला. ताण्याच्या खात्यातील कामगारांना मात्र त्याचा लाभ मिळाला नाही. ते अनसूयाबेनकडे आले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांच्या संपाचे पुढारपण अनसूयाबेननी पत्करले. शहरात याची केवढी चर्चा झाली असेल, याची कल्पना करावी. शेटजींची बहीण, नवऱ्याला सोडून आलेली, विलायतेहून परतलेली, आणि आता मजुरांच्या सभांत बोलते.

प्लेग ओसरल्यावर जानेवारी १९१८ मध्ये मालकांनी विणकरांचाही बोनस बंद केला. इकडे पहिल्या महायुद्धाच्या महागाईने धान्य, कापड, तेल सारे कडाडले होते. विणकरांनी ५० टक्के महागाई-वाढ मागितली. मालक २० टक्क्यांपुढे जाईनात. गांधीजी त्या वेळी बिहारमध्ये चंपारण्यात होते. तिथेच त्यांना अनसूयाबेनची हाक गेली. (चंपारण्याचे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगते. तेथील बडहरवा गावात निळीच्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी उघडलेल्या शाळेत शिकवायला मुंबईहून गेलेल्या अवंतिकाबाई गोखले या आपल्या मराठी भगिनी. १९१८ सालीच त्यांनी गिरगावात हिंद महिला समाज स्थापन केला. दोन दूरच्या शहरांतल्या या दोन स्त्रियांच्या कामाचे धागे असे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, हे पाहून मला तरी मौज वाटली.)

गांधीजी आले, दोन्ही पक्षांना भेटले. लवाद नेमला गेला. पण काही गिरण्यांत कामगारांनी उतावळेपणाने काम थांबवले, त्याचे निमित्त करून मालकांनी लवाद मोडला आणि २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी जाहीर केली. गांधीजींनी गिरण्यांचा नफातोटा आणि कामगारांच्या घरखर्चाचा हिशोब पाहून ३५ टक्के ही मागणी योग्य ठरवली. कामगारांनी पन्नासावरून खाली यायचे कबूल केले आणि साबरमतीच्या काठी, शाहपूर दरवाजाबाहेर एका बाभळीखाली शपथ घेतली, की ३५ टक्के मिळाल्यावाचून कामावर जायचे नाही आणि दंगाधोपाही करायचा नाही. त्या बाभळीखाली रोज संध्याकाळी सभा भरे. हजारो माणसे जमत. रोज एक पत्रक निघे. मजकूर गांधीजींचा असे, पण ते प्रसिद्ध होई अनसूयाबेनच्या नावाने. म्हणजे अंबालालशेटांच्या हाती रोज जे विरोधी पक्षाचे पत्रक पडे, त्यावर नाव सख्ख्या बहिणीचे.

या लढ्यात अनसूयाबेनचे खरे काम सभेतले नव्हते, चाळीतले होते. सकाळ-संध्याकाळ त्या आणि शंकरलाल बँकर प्रभृती सहकारी कामगारांच्या वस्तीत घरोघर फिरत. कोणाकडे आजारी आहे, कोणाच्या घरची चूल पेटलेली नाही, कोण धीर सोडतो आहे, हे पाहणे, औषध देणे, कोणाला दुसरे काम मिळवून देणे, असा त्यांचा क्रम असे. बाहेरची वर्गणी गोळा करून संपवाल्यांना पोसायचे नाही, असा गांधीजींचा कडक नियम होता. पोट भरायचे तर अंगमेहनत करून. साबरमती आश्रमात विणकामाच्या शाळेची इमारत उभी राहत होती. तिच्या पायात भरायला वाळू हवी होती, तेव्हा कामगारांनी नदीतून वाळू वाहावी असे ठरले. साचा चालवणाऱ्या माणसाला डोक्यावर पाटी घेणे कमीपणाचे वाटते. अनसूयाबेननी पहिली पाटी आपल्या डोक्यावर घेतली आणि नदीच्या पात्रातून त्या पुढे निघाल्या. मागोमाग कामगारांची रांग लागली. ज्या घरात पाणी द्यायला नोकर होते त्या घरच्या लेकीची ही पाटी होती.

असे असूनही बोल लागायचा तो लागलाच. टाळेबंदीला तीन आठवडे होत आले. १२ मार्चला मालकांनी टाळेबंदी उठवली आणि २० टक्के ज्यांना मान्य असतील त्यांनी कामावर यावे, असे जाहीर केले. घरोघर उपास पडू लागले होते. जुगलदासच्या चाळीत आश्रमातील कार्यकर्ते सभेचे बोलावणे करायला गेले, तेव्हा तेथील कामगारांनी कडवटपणे सुनावले. गांधीजींचे आणि अनसूयाबेनचे काय जाते, ते मोटारीतून येतात, मोटारीतून जातात, पोटभर जेवतात. उपाशी मरायची पाळी आमच्यावर आली आहे, अशा अर्थाचे ते बोल होते.

लोकांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक सुखवस्तू बाईने ही गोष्ट मनाशी थोडा वेळ धरून ठेवावी असे मला वाटते. हे बोलणे कृतघ्नपणाचे होते का? मला तसे वाटत नाही. ते खरे होते. अनसूयाबेन कितीही चाळी फिरल्या, कितीही पाट्या वाहिल्या, तरी संध्याकाळी परतायला त्यांच्यापाशी घर होते आणि त्या घरची चूल विझणार नव्हती. बोलणाऱ्याच्या घरची विझली होती. गांधीजींना हे बोल कळले आणि १५ मार्चच्या सकाळच्या सभेत त्यांनी एकाएकी जाहीर केले, की कामगारांना ३५ टक्के मिळेपर्यंत आपण अन्न घेणार नाही आणि मोटारीतही बसणार नाही. सभा सुन्न झाली. अनसूयाबेनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. कामगार पुढे येऊन विनवू लागले की उपास आम्ही करू, तुम्ही करू नका. पण निश्चय झाला होता.

आता अंबालालशेटांची काय अवस्था झाली असेल? ते दुष्ट मालक मुळीच नव्हते. १९१५ साली गांधीजींनी आश्रमात एका अस्पृश्य कुटुंबाला घेतले, तेव्हा श्रीमंतांनी देणग्या बंद केल्या आणि आश्रम बंद पडायची वेळ आली. त्या वेळी मोटारीतून येऊन, नाव न सांगता, १३,००० रुपयांच्या नोटा देऊन गेलेले शेट ते हेच. त्यांचा आग्रह तत्त्वाचा होता. मालक आणि मजूर यांच्यामध्ये बाहेरच्या कोणी पडू नये, असे त्यांचे मत होते आणि ते मतास चिकटून राहणारे होते. बहीणही त्याच आईची. लढा चालू असतानाही गांधीजी अंबालालशेटांना आश्रमात जेवायला बोलावीत आणि वाढायला असत अनसूयाबेन, असे सांगतात. ज्या भावाच्या विरुद्ध संध्याकाळी सभेत बसायचे, त्याच्या पानात दुपारी पोळी वाढायची. पुष्कळांना यात गांधीजींची युक्ती दिसते. मला त्यात अनसूयाबेनची कसोटी दिसते. भांडताना बोलणे टाकणे सोपे असते, अबोला धरला की मुद्दा सुटला तरी चालतो. इथे मुद्दाही सोडायचा नव्हता आणि भाऊही.

उपासाने मालकांवर दडपण आले, हे गांधीजींनी स्वतःच पुढे कबूल केले आहे. आपला उपास निर्दोष नव्हता असे त्यांनी लिहून ठेवले. तीन दिवसांनी, १८ मार्चला, तडजोड झाली. पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. आणि पुढे आनंदशंकर ध्रुव यांचा निवाडा होईपर्यंत २७.५ टक्के. ऑगस्टमध्ये निवाडा आला तो ३५ टक्क्यांचाच.

समेटाच्या दिवशी मालकांनी बाभळीखाली मिठाई वाटायचे ठरवले. महिनाभर शिस्तीने बसलेले कामगार शिस्तीनेच घेतील अशी सर्वांची खात्री होती. पण बातमी शहरातल्या भिकाऱ्यांना लागली, त्यांची झुंड आली, अशी रेटारेटी झाली की बरीच मिठाई पायदळी गेली. उरलेली कशीबशी उचलून नेली आणि दुसऱ्या दिवशी एका बंगल्याच्या आवारात सुखरूप वाटली. तो बंगला मिरझापुरातला, अंबालालशेटांचा.

पुढच्या वर्षी रौलट कायद्याविरुद्धच्या प्रतिज्ञेवर साबरमती आश्रमात ज्या थोड्यांनी पहिल्याने सह्या केल्या, त्यांत अनसूयाबेन होत्या. एप्रिल १९१९ मध्ये गांधीजींना अटक झाली आणि पाठोपाठ अहमदाबादेत अफवा उठली की मोटाबेननाही पकडले. ती खोटी होती. पण गिरणीकामगार खवळून रस्त्यावर आले, सरकारी कचेऱ्या जळाल्या, माणसे मेली आणि शहरावर लष्करी अंमल बसला. ज्या लोकांनी वर्षापूर्वी उपाशीपोटी शांतता राखली होती त्यांचा ताबा या एका नावापायी सुटला. ती माया होती हे खरे. पण अनसूयाबेनना तिचा आनंद वाटला नसेल, दुःखच झाले असेल.

१९२० साली मजूर महाजन संघ स्थापन झाला. गुजरातेत व्यापाऱ्यांच्या पंचायतीला महाजन म्हणतात. व्यापाऱ्यांचे महाजन असते तसे मजुरांचेही असावे, अशी ती कल्पना. पहिल्या अध्यक्षा अनसूयाबेन. एवढ्या मोठ्या कामगार संघटनेच्या मूळच्या अध्यक्षपदी स्त्री असणे ही गोष्ट त्या वेळी जगातही क्वचितच आढळली असती. शंकरलाल बँकर, पुढे गुलझारीलाल नंदा, खंडुभाई देसाई ही मंडळी कारभारात होती. सर्व काळ यशाचा नव्हता. १९२३ साली मालकांनी मजुरीत कपात केली, त्याविरुद्धचा संप दोन महिन्यांहून अधिक चालला आणि फसला. कामगार कपात सोसून परत गेले आणि संघाची सभासदसंख्या घसरली. अनसूयाबेन तरीही चाळीत जातच राहिल्या. १९२७ साली कामगारांच्या मुलींसाठी त्यांनी कन्यागृह काढले.

एक गोष्ट मात्र स्पष्टच लिहिली पाहिजे. ज्या पंधरा बायकांना पाहून या सगळ्याचा आरंभ झाला, त्या बायकांच्या वाट्याला या संघटनेतून पुरुषांइतके आले नाही. नवी यंत्रे आली, खात्यांत काटछाट झाली, की आधी बाईचे काम जाई. अहमदाबादच्या गिरण्यांतील स्त्रियांची संख्या वर्षानुवर्षे कमी होत गेली आणि मजूर महाजनाला ती थांबवता आली नाही. संघाची स्त्री-शाखा होती, पण तिचे काम बरेचसे कामगारांच्या घरच्या बायकांना शिवण शिकवणे अशा प्रकारचे होते. अध्यक्ष स्त्री असली म्हणजे सभासद स्त्रियांचे प्रश्न आपोआप पुढे येतातच असे नाही.

ते प्रश्न पुढे आणले ते दुसऱ्या एका तरुणीने. १९५५ साली इला भट्ट मजूर महाजनाच्या कायदा विभागात कामाला लागल्या, नंतर त्या स्त्री-शाखेच्या प्रमुख झाल्या. अनसूयाबेन त्यांना गुरुस्थानी होत्या. इलाबेनना दिसले की गिरणीबाहेर कितीतरी जणी राबतात. डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहतात, हातगाडी ओढतात, पाटीत भाजी घेऊन बसतात, घरी शिवणाचे तुकडे शिवतात. त्यांना मालक नाही म्हणून संघटना नाही, असे सरकारी नोंदणी-कचेरीचे म्हणणे होते. बराच वाद होऊन १९७२ च्या एप्रिलमध्ये सेवा या नावाने त्यांच्या संघटनेची नोंद झाली. १९८१ साली मजूर महाजनाने सेवेला बाहेर काढले. पुढे अहमदाबादच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे थांबले. सेवेच्या सभासद भगिनी मात्र लाखोंच्या घरात गेल्या.

हा वियोग अनसूयाबेनना पाहावा लागला नाही. अंबालालशेट १९६७ साली गेले. डॉ. विक्रम, त्यांचा भाचा, १९७१ च्या डिसेंबरात अकस्मात गेला. सेवेची नोंदणी झाली त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९७२ रोजी, मोटाबेननी देह ठेवला. सत्त्याऐंशी वर्षे पुरी व्हायला दहा दिवस उरले होते.